थोरली पाती, धाकटी पाती : एका गावात दोन राजे कसे नांदले

इंदूरच्या आमच्या घरात देवघराखालच्या कप्प्यात एक पितळी डबी आहे. आजीने जपून ठेवलेले तांब्याचे दोन जुने पैसे तिच्यात आहेत. दोन्ही पाव आण्याचे, दोन्ही १८८८ सालचे. एका अंगाला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या अंगाला किंमत, साल आणि राज्याचं नाव. रंग तोच, आकार तोच. चष्मा लावून उजेडात धरले की मगच फरक दिसतो. एकावर ‘देवास स्टेट’च्या पुढे एस. बी. ही अक्षरं आहेत, दुसऱ्यावर जे. बी. एस. बी. म्हणजे सीनियर ब्रँच, जे. बी. म्हणजे ज्युनियर ब्रँच. ही नावं साहेबाच्या कागदांतली. आपल्या लोकांच्या तोंडी वेगळी नावं होती : थोरली पाती आणि धाकटी पाती.

देवास आम्हा इंदूरकरांना परकं नाही. देवास नाका ओलांडला, मांगलिया मागे पडलं, क्षिप्रेचा पूल आला की थोड्याच वेळात उजाड माळावर एकटीच उभी असलेली टेकडी दिसू लागते. ती देवासची मातेची टेकडी. नवरात्रात इथून लोक तिथे जातात, मुलं नोकरीला जातात, नोटांच्या छापखान्यामुळे गावाचं नाव देशभर माहीत आहे. पण या गावात १९४८ पर्यंत दोन स्वतंत्र राज्यं होती, आणि गावच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात तर दुसरी बाजू दुसऱ्या राज्यात होती, हे सांगितलं की नव्या पिढीतली मुलं आधी हसतात आणि मग विचारतात, असं कसं चालेल? हा प्रश्न मला फार आवडतो. कारण त्याचं उत्तर शोधायला बाहेर कुठे जावं लागत नाही. ते आपल्याच घरांत, आपल्याच सात-बाऱ्यावर सापडतं.

सुरुवात शब्दापासून करू. ‘पाती’ म्हणजे हिस्सा. धंद्यात चौघांनी मिळून पैसा घातला तर प्रत्येकाची पाती ठरते, आणि तो माणूस पातीदार होतो. इंग्रजीतल्या ‘ब्रँच’ या शब्दाने डोळ्यांपुढे झाडाच्या फांद्या येतात, एकदा फुटल्या की आपापल्या दिशेने गेल्या. पाती तशी नसते. धंदा एकच असतो, वही एकच असते, आणि तिच्यात नावं दोन असतात. देवासच्या लोकांनी आपल्या राज्यांना राज्य म्हणण्याऐवजी पाती म्हटलं, यातच निम्मी गोष्ट आली.

आता ही वही उघडली कोणी? अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पावात पहिल्या बाजीरावाच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आल्या. त्यांच्याबरोबर शिंदे आले, होळकर आले आणि पवार आले. पवारांची एक शाखा धारला स्थिरावली. त्याच कुळातले तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोघे सख्खे भाऊ देवासला आले. तुकोजी थोरले, जिवाजी धाकटे. थोरल्याचा वंश ती थोरली पाती, धाकट्याचा वंश ती धाकटी पाती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं कोडं वाटत राहील. पेशव्यांनी आपल्या सरदारांना माळव्यात जे दिलं, ते आजच्या अर्थाने ‘प्रदेश’ नव्हता. नकाशा पसरून, त्यावर रेघ ओढून, ‘या रेघेच्या आतलं सगळं तुझं’ असं कोणी म्हणालं नाही. सरदाराला मिळायचा तो सरंजाम. म्हणजे अमुक परगण्यांतल्या महसुलाचा अमुक वाटा वसूल करण्याचा हक्क, आणि त्या बदल्यात फौज बाळगण्याची जबाबदारी. त्यामुळे एकाच परगण्यात दोघातिघा सरदारांचे हक्क असायचे. एखाद्या गावचा काही वसूल होळकरांकडे, काही शिंद्यांकडे, काही पवारांकडे. गाव कोणाचं, या प्रश्नाला एक उत्तर नसायचं. गावातून कोणाला किती येणं आहे, या प्रश्नाला मात्र चोख उत्तर असायचं, आणि ते मोडीतल्या कागदांवर आणेवारीसकट लिहिलेलं असायचं.

म्हणजे दोघा भावांकडे जे होतं ते जमिनीच्या सलग पट्ट्यापेक्षा येण्यांच्या यादीसारखं होतं. आणि यादीची वाटणी कशी होते?

समजा, दोन भावांना बापाची चाळीस बिघे जमीन मिळाली. त्यातली वीस काळी, गव्हाची आणि अफूची. उरलेली वीस मुरमाड. एक विहीर, एक चिंचेचं झाड, रस्त्याला लागून एक पडीक तुकडा. बाहेरचा माणूस म्हणेल, मधोमध बांध घाला आणि मोकळे व्हा. पण ज्याने आपल्या घरातली वाटणी पाहिली आहे त्याला माहीत असतं, की असं कधीच होत नाही. काळ्या जमिनीचे दोन तुकडे होतात, मुरमाडाचे दोन होतात, विहिरीच्या पाळ्या लागतात, चिंच सामाईक राहते. दोघांनाही सारखं मिळायला हवं, आणि सारखं म्हणजे प्रत्येक प्रकारातलं सारखं. या न्यायाने शेताची पार चिरगुटं होतात हे सगळ्यांना दिसतं. पण ‘धाकट्याला मुरमाड दिलं’ असं आयुष्यभर ऐकून घेण्यापेक्षा चिरगुटं परवडली.

देवासच्या पवारांनी नेमकं हेच केलं, फक्त राज्यावर केलं. माळव्याची जमीन म्हणजे काळं सोनं. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी इथली म्हण आहे, पावलापावलावर भाकरी आणि पावलापावलावर पाणी. पण तीही सगळीकडे सारखी नाही. एक परगणा अफूचा, एक गव्हाचा, एक नुसत्या चराऊ रानाचा. कुठे जकातीचं उत्पन्न, कुठे काहीच नाही. म्हणून एकाने हा परगणा घ्यावा आणि दुसऱ्याने तो, असं न करता परगण्यातली गावं वाटली गेली. सारंगपूरसारखं जुनं गाव, जिथे रूपमती आणि बाज बहादुराच्या आठवणी आहेत, तेही दोन्ही पात्यांच्या नावावर. आणि खुद्द राजधानी देवास, तीही दोघांची.

मला यात भांडखोरपणा दिसत नाही. उलट, दोन भावांनी एकमेकांवर अन्याय होऊ नये म्हणून किती टोकाला जाऊन काळजी घेतली, ते दिसतं. पानिपतानंतर मराठी दौलतीत घराघरांत गादीवरून झगडे झाले. पुण्यात काका-पुतण्यांचं वैर कुठवर गेलं ते आपल्याला ठाऊक आहे, बडोद्याच्या गायकवाडांतही भाऊबंदकी पेटली. देवासला दोन गाद्या एका गावात, हाकेच्या अंतरावर, दोन शतकांहून जास्त काळ राहिल्या. कुरबुरी झाल्या असणारच, मानापमान झाले असणार. पण एका पातीने दुसरी गिळली नाही. या गोष्टीचं कौतुक मराठी इतिहासात हवं तेवढं झालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

तरीही अशी वाटणी कायमची टिकायचं कारण नव्हतं. मराठी राजकारणात असे हिस्से बदलत असत. कोणी कर्जबाजारी झाला, कोणाची गावं दुसऱ्याने दाबली, कोणी निपुत्रिक गेला, की वाटण्या नव्याने मांडल्या जात. देवासवर तर अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला वाईट दिवस आले होते. शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी हा मुलूख पुन्हापुन्हा लुटला. दोन्ही पात्यांचं उत्पन्न रोडावलं. अजून वीस वर्षं तसंच चाललं असतं तर देवास एखाद्या मोठ्या संस्थानात विरघळून गेलं असतं.

मध्ये आलं १८१८ साल. पेशवाई बुडाली, पेंढाऱ्यांचा मोड झाला, आणि इंग्रजांनी माळव्यातल्या एकेका संस्थानिकाशी करार केले. देवासच्या दोन्ही राजांशी मिळून एकच करार झाला. संरक्षण इंग्रजांचं, परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती, आणि ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे कायम.

‘जे आहे ते कायम’ या तीन-चार शब्दांनी काय केलं ते पाहा. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत पाय रुतला तर खोल ठसा उमटतो. पाऊस चालू असेपर्यंत तो भरतो, मोडतो, बदलतो. मग एकदा कडक ऊन पडलं की तोच ठसा दगडासारखा होतो आणि पुढच्या मृगापर्यंत हलत नाही. १८१८ चं ऊन तसं पडलं. त्या क्षणी ज्याची जी गावं होती, जिथे ज्याचा हक्क होता, ते सगळं तसंच वाळून पक्कं झालं. माळव्याच्या जुन्या नकाशात रंगांची जी खिचडी दिसते, होळकरांच्या रंगात शिंद्यांचा ठिपका, शिंद्यांच्या रंगात देवासचा, देवासच्या दोन रंगांची एकमेकांत घातलेली वीण, ती कोणी ठरवून काढलेली नाही.

त्यानंतर दोन्ही पात्या आणखी सुट्या झाल्या, आणि १८४१ नंतर प्रत्येकीचा कारभार पूर्णपणे स्वतंत्र झाला. दोन दरबार, दोन दिवाण, दोन खजिने, दोन न्यायकचेऱ्या. आणि गावातला तो प्रसिद्ध मुख्य रस्ता : त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचा अंमल, दुसऱ्या बाजूला धाकटीचा. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी.

हे ऐकायला मजेदार वाटतं, पण एखाद्या कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घर बांधायची परवानगी मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारायचा? घराचं तोंड कुठे आहे. खरेदीखताला मुद्रांक कुठला लागेल, खटला कुठे चालेल, पट्टी कुठे भरायची, सगळं त्या एका उत्तरावर. आपल्या गावाची हद्द वेशीवर असते. देवासची हद्द उंबऱ्याबाहेर चार पावलांवर होती.

आकडे सांगायचे तर १९०१ च्या शिरगणतीच्या सुमारास थोरल्या पातीचं क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल होतं आणि लोकसंख्या ६२,३१२. धाकटीचं ४४० चौरस मैल आणि ५४,९०४ माणसं. पहिल्या तुकोजी-जिवाजींच्या वाटणीला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली होती आणि तरी दोघांच्या जमिनीत फरक सहा चौरस मैलांचा. दोन्ही मिळून सुमारे २,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या इंदूर जिल्ह्याच्या जेमतेम साठ टक्के. पुणे जिल्ह्यात अशा सहा-सात जोड्या मावतील.

मान मात्र पुरता होता. इंग्रजांच्या राज्यात संस्थानिकाची पायरी तोफांच्या सलामीवरून ठरायची. ग्वाल्हेर आणि बडोद्याला २१ तोफा, कोल्हापूर आणि इंदूरला १९, धारला १५. देवासच्या थोरल्या पातीलाही १५ आणि धाकट्या पातीलाही १५. एकीला पंधरा आणि दुसरीला तेरा असं झालं असतं तर दोनशे वर्षांची वाटणी मोडली असती. पण मान सारखा राहिला.

मग एखादी पाती आपोआप संपली का नाही? राजाला मुलगा नसला तर? इथे दत्तकाचा हक्क कामी आला. १८५७ पूर्वी काही वर्षं डलहौसीने दत्तक नाकारून साताऱ्यासारखी, नागपूरसारखी राज्यं खालसा केली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ते धोरण सोडलं आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणून मूल नसलं तरी पाती राहायची. थोरल्या पातीवर १८९९ मध्ये आलेले तिसरे तुकोजीराव हे असेच दत्तक आलेले. जवळचे लोक त्यांना बापूसाहेब म्हणत.

या बापूसाहेबांबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण लहान राज्याचा सगळा गोडवा आणि सगळा धोका त्यांच्या एका आयुष्यात दिसतो. ते इंदूरच्या डेली कॉलेजात शिकले. त्यांना शिकवायला माल्कम डार्लिंग हे तरुण इंग्रज अधिकारी आले, पुढे पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करून नाव मिळवलेले तेच. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब बापूसाहेबांना दिल्या. शाहू महाराजांनी आपली मुलगी साडेचारशे चौरस मैलांच्या राजाला द्यावी, यावरून मराठी जगात देवासचं स्थान काय होतं ते कळतं.

डार्लिंगच्या ओळखीने इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर देवासला आले. आधी १९१२-१३ च्या हिवाळ्यात पाहुणे म्हणून, आणि १९२१ मध्ये काही महिने बापूसाहेबांचे खासगी चिटणीस म्हणून. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यांनी वाड्यात पाहिली. राजा अनवाणी, गळ्यात झांजा, आठ दिवस कृष्णापुढे गातो, नाचतो, राज्यकारभार बाजूला. ब्रिटनमधून आलेल्या, देवावर विश्वास नसलेल्या त्या माणसाला तो गोंधळ आधी झेपला नाही, पण त्यातलं काहीतरी आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहिलं. तेव्हाची पत्रं त्यांनी १९५३ मध्ये पुस्तकरूपाने छापली. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला देवास माहीत आहे ते त्यामुळे. मराठी वाचकाला मात्र तो उत्सव वाचताना काही विचित्र वाटत नाही. आपल्याकडे सप्ताहात भजनी मंडळी हेच करतात. फरक इतकाच की इथे भजनी मंडळात राजा होता.

मोठ्या राज्यात राजा लोकांना मिरवणुकीत हत्तीवर दिसतो. देवाससारख्या ठिकाणी तो आवाजाच्या टप्प्यात असायचा. त्याच्या घरात काय शिजतं, कोणावर राग आहे, कोणाचं लग्न ठरलं, हे गावाला माहीत. कोणी उपाशी राहिला तर ते वाड्यापर्यंत पोचायला वेळ लागत नसे, आणि वाड्यातली भानगड चौकात यायलाही लागत नसे. बापूसाहेबांच्या घरात कलह झाला, मुलाशी दुरावा आला, खर्च वाढत गेला. ग्वाल्हेरच्या तिजोरीला एखाद्या राजाचा खर्चिकपणा पचतो. लहान राज्यात राजाचा संसार बिघडला की राज्याचाच संसार बिघडतो. थोरली पाती कर्जात बुडाली. १९३३ च्या अखेरीला बापूसाहेब तीर्थयात्रेला म्हणून दक्षिणेत गेले आणि पाँडिचेरीला राहिले. ते फ्रेंचांचं गाव, तिथे इंग्रजांचा हात पोचत नव्हता. ते परत आले नाहीत. १९३७ मध्ये तिथेच वारले. इतक्या भाविक, इतक्या लाघवी माणसाचा शेवट असा परमुलखात व्हावा, हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव थोरल्या पातीवर आले. आणि १९४७ मध्ये कोल्हापूरची गादी रिकामी झाली तेव्हा शाहू महाराजांच्या मुलीचा हाच मुलगा तिथे दत्तक गेला आणि दुसरे शहाजी म्हणून छत्रपती झाला. देवासहून एक राजा उचलून कोल्हापूरच्या गादीवर बसला, ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असते. इंदुरात मी कितीतरी मराठी घरांत ती पहिल्यांदा सांगितली आहे.

आता धाकट्या पातीकडे येऊ, कारण तिच्या वाट्याचं देणं वेगळं आहे आणि ते अजून कानांवर येतं. १८९२ पासून १९३४ पर्यंत तिथे मल्हारराव होते. नाथपंथी योगी शीलनाथ महाराज देवासला येऊन राहिले, त्यांचे मल्हारराव भक्त. त्यांची धुनी अजून आहे, आणि तिचं नावच मल्हार धुनी. त्या धुनीपाशी नाथपंथी साधू यायचे, एकतारीवर गोरखनाथाची, कबीराची निर्गुणी भजनं म्हणायचे. त्याच गावात उस्ताद रजब अली खाँ राहायचे, १८७४ ते १९५९ असं दीर्घ आयुष्य लाभलेले, तापट आणि अफाट गवई. त्यांच्या घराण्यातले अमानत खाँ ‘देवासवाले’ म्हणूनच ओळखले गेले, आणि लता मंगेशकर त्यांच्याकडे शिकल्या. कृष्णराव मजुमदारांसारखा मराठी गवई रजब अलींच्या तालमीत तयार झाला. एवढ्याशा गावात एवढं गाणं, याचं एक कारण मला साधं वाटतं. गावात दरबार दोन होते. गवयाला, कीर्तनकाराला, शास्त्र्याला ठोठवायला दारं दोन होती, आणि एका दारी पागोटं मिळालं तर दुसऱ्या दारी शालजोडी मिळण्याची आशा धरता येत होती.

आणि मग १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस क्षयाने पोखरलेला तेवीस वर्षांचा एक गायक कोरड्या हवेसाठी देवासला आला. कुमार गंधर्व. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. पाच-सहा वर्षं ते अंथरुणाला खिळून नुसतं ऐकत राहिले. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, टेकडीवर देवीच्या दर्शनाला चाललेल्यांचे सूर, धुनीवरच्या नाथपंथीयांचा तो सरळ, उंच, आकाशात फेकलेला आवाज. पुढे मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी असे राग त्यांनी बांधले, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ आला, आणि निर्गुणी भजनं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं ‘भानुकुल’ हे घर आहे. १९९२ मध्ये ते गेले तेही देवासमध्येच. आज पुण्या-मुंबईत कोणी डोळे मिटून ते भजन ऐकतं तेव्हा त्यात धुनीवरच्या राखेचा जो वास आहे, तो धाकट्या पातीच्या एका राजाने योग्याला आपल्या गावात ठेवून घेतलं म्हणून आहे.

टेकडीचं राहिलंच. वर दोन देव्या आहेत : तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. म्हणजे देवीसुद्धा थोरली आणि धाकटी. दोघी बहिणी, असं सांगतात. एकदा दोघींचं बिनसलं. एक पाताळात उतरू लागली, दुसरी टेकडी सोडून निघाली. हनुमान आणि भैरव आडवे आले, हात जोडले, आणि दोघी होत्या तिथे, होत्या तशा थांबल्या. तोंडं फिरवलेली, पण टेकडी एकच. ही कथा राज्यांच्या आधीची की नंतरची, याचा निवाडा मी करणार नाही. पण देवासच्या माणसाने ती लहानपणापासून ऐकलेली असते.

कुमारजी आले त्याच वर्षी दोन्ही पात्या संपल्या. २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्याचं उद्घाटन झालं. ग्वाल्हेर, इंदूर, धार आणि इतर संस्थानांबरोबर देवासच्या दोन्ही पात्या त्यात गेल्या. १९५६ मध्ये मध्यभारतही मध्य प्रदेशात मिळालं. गंमत अशी की नवीन देवास जिल्हा आखला तेव्हा त्यात सोनकच्छ आलं, ते शिंद्यांचं होतं. कन्नौद आणि खातेगाव आले, ते होळकरांचे होते. आणि पात्यांचं सारंगपूर गेलं राजगढ जिल्ह्यात, आलोट गेलं रतलामकडे. नकाशा सलग झाला. पावसाळ्यातला वाळलेला ठसा नांगराने एका दमात मोडला गेला. कारभाराला ते सोयीचंच होतं, आणि कोणी तक्रार करावी असं त्यात काही नाही. फक्त आज कोणी ‘देवास जिल्ह्याचा इतिहास’ म्हणून पवारांचीच गोष्ट सांगू लागला, तर अर्धा जिल्हा त्या गोष्टीत नसतो, हे ध्यानात ठेवावं.

काही वर्षांपूर्वी माझ्या आजीची धाकटी बहीण देवासला होती तेव्हा मी तिच्याकडे ते दोन पैसे घेऊन गेलो होतो. राज्य गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. पैसे तिने तळहातावर घेतले, अंगठ्याने पुसले आणि म्हणाली, “एक आमच्याकडचा, एक समोरचा.” मी विचारलं, मावशीआजी, हद्द नक्की कुठे होती? ती मला ओट्यावर घेऊन आली. समोर मोटरसायकलींची रांग, मोबाइलचं दुकान, पोह्यांची गाडी. तिने हाताने रस्त्याच्या मधोमध एक रेघ दाखवली, जिथे आता काहीच नव्हतं.

“इथवर आपलं राज्य. तिकडचे दिवे वेगळ्या वेळेला लागायचे. आमच्या बाजूला अंधार असला की आई म्हणायची, जा, समोरच्या ओट्यावर बसून पाढे म्हण.”

“मग दुसऱ्या राज्यात जायचीस तू, रोज?”

“रोज कशाला, दिवे नसतील तेव्हाच. आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला.” मग तिने पैसे माझ्या हातात परत ठेवले. “डबीत दोन्ही बरोबरच ठेव,” म्हणाली, “आईने तसेच ठेवले होते.”